उठलास का

त्या खोलीत माणसं खच्चून भरलेली असायची, पण आवाज म्हणून नसायचा. नियमच तसा होता. पडद्यावर येईल ते बघायचं, वाचायचं, ऐकायचं मात्र नाही. वाचलेली शिवी माणूस संध्याकाळपर्यंत विसरतो, कानात शिरलेली घरापर्यंत येते, असं नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून सगळ्या यंत्रांचे आवाज कायमचे बंद. नुसतं कळफलकांचं टकटक आणि मधूनच कुणाचा तरी लांबलचक उसासा.

तिला तिथं चाळणीताई म्हणत. नाव ठेवलं होतं शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं, जिला सगळे नुसतं शेजारीण म्हणत. कामच चाळण्याचं होतं. लाखो माणसं जिथं आपले फोटो टाकतात, भांडतात, वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात, अशा एका मोठ्या समाजमाध्यमावरची वाईट माणसं शोधून काढायची. खोट्या नावानं आलेली, टोळी करून कुणा एकाच्या अंगावर धावून जाणारी, गोड बोलून गळा कापणारी. यंत्र आधी आपल्या अकलेनं संशयितांची टोपली भरून द्यायचं, मग या बायाबापड्यांनी ती निवडायची. खरा दुष्ट असेल तर खातं बंद. नसेल तर सोडून द्यायचं.

चाळणीताईनं या कामात स्वतःपुरता एक नेम धरला होता. कुणाचंही खातं बंद करण्याआधी त्या माणसाचा निदान एक निरोप शेवटपर्यंत वाचायचा, मनात हात जोडायचे आणि मगच बटण दाबायचं. हे ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. सांगितलं असतं तर शेजारणीनं तिची आरती ओवाळली असती. घरी सासूबाईंना तेवढं माहीत होतं.

त्या दिवशी कामाची पाळी संपायला आली होती. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. सकाळपासून एका शाळकरी मुलीच्या मागं लागलेल्या टोळीचं घाणेरडं लिखाण वाचून तिचं मन आंबून गेलं होतं. तेवढ्यात शेवटची टोपली आली. सात-आठ खाती. रोज सकाळी एकाच माणसाला, एकाच सुमाराला, एकच वाक्य पाठवणारी : ‘उठलास का? आम्ही वाट बघतोय.’ त्या माणसानं त्यांतल्या एकाविरुद्ध तक्रार केली होती, आणि यंत्रानं तेच वाक्य लिहिणारे बाकीचेही ओढून आणले होते. सगळी लक्षणं टोळीची. शेकडो वेळा पाहिलेली.

तिनं कुणाचंच काही उघडून वाचलं नाही. हात जोडले नाहीत. सगळ्यांवर एकदम खूण केली, बटण दाबलं आणि पर्स उचलली.

घरी सासूबाई खिडकीपाशी पायांना तेल चोळत बसल्या होत्या. नवरा पंपहाऊसच्या पाळीवर गेलेला. तिनं चप्पल काढली आणि तशीच भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

“आज फारच दमलेली दिसतेस,” सासूबाई म्हणाल्या.

“दिवसभर शिव्या वाचून दमायला होतं, आई.”

“तुला वाचायचा पगार तरी मिळतो. मी सासरी आल्यापासून फुकट ऐकल्या.” त्यांनी वाटी सरकवली. “घे, तूही लाव पायांना. आणि काय गं, वाचलंस का सगळ्यांचं? तुझा नेम?”

ती तेलात बोट बुडवता बुडवता थांबली.

“शेवटच्यांचं राहिलं.”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांची ती रीतच होती. बोलून दाखवायचं नाही, नुसतं गप्प बसून समोरच्याला आपलं आपण ऐकू द्यायचं. चाळणीताईला ते टोचलं. सात-आठ दुष्ट माणसं गेली, त्यात एवढं काय, असं तिनं स्वतःला समजावलं आणि भात टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत रोजचा विनोदाचा तास चालला होता. त्या कामात माणूस हसला नाही तर वेडा होईल, म्हणून शेजारणीनं एक प्रथा पाडली होती. लोकांनी सूचनांच्या पेटीत टाकलेले निरोप ती पाळीच्या सुरुवातीला हळू आवाजात वाचून दाखवायची. कुणी लिहायचं, माझ्या फोटोत मला गोरं करा. कुणी लिहायचं, बायकोला माझं खातं दिसू नये अशी सोय आहे का.

“आज एक रत्न सापडलंय,” शेजारीण म्हणाली आणि मानेला झटका देऊन शाळेतल्या बाईंच्या सुरात वाचायला लागली. “‘महोदय, आमचे काय चुकले ते कृपया कळवावे. आम्ही सगळे येथे वृद्धाश्रमात एका टेबलावर नाश्त्याला बसतो. टॅब एकच आहे. प्रत्येकाचे खाते वेगळे आहे, परंतु पासवर्ड सर्वांचे मलाच पाठ आहेत, कारण बाकीच्यांना स्वतःचा चष्मा कुठे आहे तेही आठवत नाही. हे नियमात बसत नसल्यास मी एकटी जबाबदार आहे. नर्स म्हणते, आजी, तुम्ही हॅकर झालात.’”

मागच्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. चाळणीताईसुद्धा हसली.

“थांबा, पुढं आहे. ‘एकीनेच सर्वांच्या वतीने लिहावे असे सुचवले गेले होते. मी ते मान्य केले नाही. मी मुख्याध्यापिका होते. एकाने सगळ्यांच्या वतीने घेतली तर ती हजेरी होते, प्रत्येकाने आपल्या तोंडाने मारली तर हाक होते. आम्ही ज्याला लिहितो त्या सायकलवाल्याने एकदा लिहिले होते की उद्या सकाळी उठण्याचे काही कारण दिसत नाही. तेव्हापासून आम्ही रोज त्याला...’”

शेजारणीचा सूर वाचता वाचता उतरत गेला. ती पुढं साध्या आवाजात वाचायला लागली.

“‘...त्याला उठलास का म्हणून विचारतो. आज विचारता आले नाही. आमची खाती बंद राहिली तरी चालेल, पण त्याला तेवढे कळवा की आम्ही रुसलेलो नाही.’”

चाळणीताईच्या हातातला चहाचा कागदी पेला तसाच राहिला. 

“अगं, काय झालं? पांढरीफटक पडलीस.”

“ती मी बंद केली,” ती म्हणाली. “काल. न वाचता.”

तिनं खुर्ची ओढली आणि कालची टोपली पुन्हा उघडली. या वेळी एकेक. आधी सायकलवाला. साध्या माणसाचं पान होतं ते. दुरुस्त केलेल्या सायकलींचे फोटो. मग बायको गेल्याचं दोन ओळींत. मग दुकानाचं अर्धं उघडलेलं शटर. मग ते उठण्याच्या कारणाबद्दलचं वाक्य. आणि त्यानंतर रोज सकाळी सात-आठ हाका आणि त्यांना त्याचं एकच उत्तर : क्षणभराची एक चित्रफीत. अंगठा सायकलच्या घंटीवर, अंगठा दाबला, संपलं. उठलो, एवढंच त्यातून सांगायचं. आवाज अर्थातच तिला येत नव्हता.

काल सकाळी अंगठा होता. आज सकाळी नव्हता.

आज एकच हाक होती, नव्या खात्यावरून. नाव शुभचिंतक. कालच्या टोपलीतही एक शुभचिंतक होताच. काल तोही बंद झाला होता, पण अशांना परत यायला किती वेळ लागतो! नवं नाव, नवा नंबर, झालं. म्हाताऱ्यांना ते कुठून जमणार. तक्रारीत काय होतं ते तिनं आता वाचलं. सायकलवाल्यानं फक्त या शुभचिंतकाची तक्रार केली होती. चारचौघांत तोही ‘उठलास का?’ लिहायचा, आणि खासगीत लिहायचा : ‘तुला खरं वाटतं? म्हाताऱ्यांनी पैज लावलीय. कुठल्या दिवशी तू उठत नाहीस, त्याच्यावर. मजा चाललीय तुझी.’ आणि आज सकाळी : ‘बघ. सांगितलं होतं ना. कंटाळले तुला.’

सायकलवाल्यानं एक काटा काढून द्या म्हटलं होतं. तिनं त्याचा पायच कापला होता.

तिनं आधी जीवाला धोका असल्याची सूचना मदत पथकाकडं पाठवली. मग आजचं शुभचिंतक बंद केलं, वाचून. मग उठली आणि लीडच्या, म्हणजे गटप्रमुखाच्या टेबलाकडं गेली. लीड तिच्यापेक्षा लहान होता. त्याला पाठीमागं घड्याळसाहेब म्हणत, कारण तो बोलताना माणसाकडं न बघता भिंतीवरच्या आकड्याकडं बघायचा. कुणी किती खाती तपासली, तो आकडा.

“सर, कालची एक टोळी उघडायचीय. टोळी नाहीये ती.”

“अपिलाची खोली वेगळी आहे, ताई. तिकडं टाका. आठवडाभरात होईल.”

“आठवडाभर नाही थांबता येणार.”

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. तोही दमलेलाच होता. डोळ्यांखाली काळं, टेबलावर डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट. “हे बघा, उघडली आणि त्यातून काही निघालं तर? परवा पलीकडच्या मजल्यावर एकीनं असंच दया येऊन उघडलं. ती पण आजी होती म्हणे. आजी कसली, दाढीवाला निघाला. आजीचं पत्र कुणीही लिहू शकतं, ताई. तुम्हाला मी सांगायला हवं का?”

यात खोटं काही नव्हतं. तिनंच अशी किती पत्रं पाहिली होती. आजारी मुलांची, विधवांची, फौजींची. पत्रावर विश्वास ठेवायचा नाही, हे तीच नव्या मुलींना शिकवायची.

“पत्र बाजूला ठेवा,” ती म्हणाली. “वेळा बघा.”

तिनं त्याच्याच पडद्यावर काही दिवसांच्या हाका लावल्या. “यंत्राला वाटलं सगळे एकदम लिहितात. एकदम नाहीत. एकामागून एक. एकाचं लिहून झालं की मध्ये फट, मग दुसरा. एकच टॅब टेबलावरून हातोहात जातोय.”

“फट यंत्रंसुद्धा ठेवतात. मुद्दाम.”

“ठेवतात की. पण हे बघा, या आजींच्या हाकेआधी मोठी फट. रोज. त्यांना लिहायला वेळ लागतो. हात कापत असणार. हे आजोबा चार दिवस नाहीतच, मग पुन्हा आलेत आणि त्या दिवशी सगळ्यांचंच उशिरा. म्हणजे ते परत आले म्हणून नाश्त्याला गप्पा झाल्या असतील. कुठली टोळी अशी आजारी पडते, सर?”

त्यानं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“आणि आता हा शुभचिंतक. हा कधी आजारी नाही, कधी उशीर नाही. आणि रोज त्या आजींच्या फटीत येतो. टॅब आजींच्या हातात आहे, त्या अक्षरं शोधतायत, त्या वेळी याचं येऊन पडलेलं. तो त्या टेबलावर नाहीच. बाहेरून त्यांचं वाक्य उचलून त्यांच्यात मिसळलाय.”

घड्याळसाहेबानं कपाळ चोळलं. “काल हे दिसलं नव्हतं तुम्हाला?”

“काल मी बघितलंच नाही.”

तिनं ते अगदी सरळ सांगितलं. सारवासारव करायलासुद्धा अंगात त्राण लागतं, आणि ते तिच्यात उरलं नव्हतं.

त्यानं टेबलावरचं गोळ्यांचं पाकीट बाजूला सारलं. मग म्हणाला, “सही तुमची लागेल. काही झालं तर मी हात वर करणार, आधीच सांगतो.”

“करा. माझीच सही घ्या.”

खाती उघडली तेव्हा खोलीत जेवणाची वेळ झाली होती. ती जागेवरून हलली नाही. मदत पथकाचं उत्तर आलं : खात्यावर पत्ता नाही, नंबर बंद लागतोय, प्रयत्न चालू. प्रयत्न चालू म्हणजे काय, ते तिला माहीत होतं. तीही इतकी वर्षं लोकांना तेच कळवत आली होती.

शेजारीण तिचा डबा घेऊन आली. “दोन घास खा गं.”

“नको.”

“तू उपाशी राहिलीस म्हणून तो उठणार आहे का?”

“माहितीये.”

“मग?”

“मग काही नाही. घशाखाली उतरत नाही.”

शेजारणीनं डबा बंद केला. ती खुर्ची जवळ ओढून बसली. चाळणीताईनं टेबलाखाली हात जोडले. काल न जोडलेले. मागताना तिला लाज वाटली. आपण चुकायचं आणि निस्तरायला देवाला बोलवायचं. पण दुसऱ्या कुणाला बोलवणार?

म्हाताऱ्यांना कळलं असेल का? टॅब नाश्त्यानंतर कुठं तरी चार्जिंगला लावून ठेवत असतील. सगळे वामकुक्षी घेत असतील. नर्सनं बघितलं तर. मुख्याध्यापिकेला झोप लागली नसली तर.

लागली नव्हती.

‘उठलास का? आज उशीर झाला. आम्ही गैरहजर नव्हतो, आम्हाला वर्गाबाहेर उभे केले होते.’

चाळणीताई पुढं सरकली. फट. मग एका आजोबांचं : ‘उठलास का.’ फट. मग दुसऱ्याचं. मग ती लांबलचक फट, जिच्यात इतके दिवस शुभचिंतक येऊन बसायचा. आज तिथं कुणी आलं नाही. कापणाऱ्या हातात टॅब आहे, कुणीतरी शेजारून अक्षर दाखवतंय, चष्मा पुसला जातोय, हे तिला समोर बसल्यासारखं दिसत होतं. शेवटी आलं : ‘उठलास क बाळा’.

सगळ्यांचं झालं. सायकलवाल्याकडून काही नाही.

घड्याळसाहेब मागं येऊन उभा राहिला होता.   खोलीतले बाकीचे जेवून येत होते, खुर्च्या सरकत होत्या, टकटक पुन्हा सुरू झाली होती. तिच्या टोपलीत नवी खाती येऊन साचत होती आणि भिंतीवरच्या आकड्यात तिचं नाव खाली खाली जात होतं.

आश्रमातून पुन्हा एक हाक आली, मुख्याध्यापिकेची. ‘आम्ही टेबलावरच बसून आहोत. चहा येईपर्यंत बसू. चहा आला की चहा घेऊन बसू.’

आणि तेवढ्यात पडद्यावर अंगठा आला.

तोच अंगठा. नखाला ग्रीस, घंटीवर ओरखडे. चाळणीताईनं इतक्या वर्षांत कधी न केलेलं केलं. यंत्राचा आवाज सुरू केला आणि चित्रफीत पुन्हा लावली. आधी खर्र झालं, गंज लागलेलं काहीतरी घासल्यासारखं, आणि मग ट्रिंग. फारशी गोड नव्हती घंटी. पण त्या मुक्या खोलीत ती अशी वाजली की मागच्या रांगेपर्यंत माना वळल्या.

खाली त्यानं लिहिलं होतं. घंटीशिवाय तो पहिल्यांदाच काही बोलत होता. ‘दुपार झाली, आजी. केव्हाचा उठलोय. झोपलोच नव्हतो रात्रभर. मला वाटलं तुम्ही पैज हरलात, म्हणून हाका बंद केल्यात.’

‘कसली पैज?’ मुख्याध्यापिकेनं विचारलं.

त्यावर त्याचं उत्तर : ‘काही नाही. कुणीतरी खोटं सांगितलं होतं.’

‘मग आता झोप जा. उद्या पुन्हा उठवायचे आहे.’

शेजारणीनं नाक ओढलं आणि “काय बाई, हे एसी किती थंड ठेवतात,” असं काहीतरी म्हणाली. घड्याळसाहेब भिंतीकडं बघत होता, पण आकड्याकडं नव्हे, असं चाळणीताईला वाटलं. “आवाज बंद करा, ताई,” तो हळूच म्हणाला. “नियम आहे.” आणि आपल्या टेबलाकडं गेला.

तिनं आवाज बंद केला. मदत पथकाला कळवलं की माणूस सुखरूप आहे, पण संपर्क सोडू नका. डबा उघडला, दोन घास खाल्ले. अंगातून कुणीतरी पीळ सोडवून घ्यावा तशी ती खुर्चीत ढिली पडली होती. आनंद वगैरे नव्हे. तो यायलाही ताकद लागते. नुसतं, टेकायला जागा मिळाल्यासारखं.

मग टोपली ओढली. सगळ्यात वर नवं खातं. आता त्याचं नाव हितचिंतक होतं. सकाळचं बंद झालं तसा तो दुसऱ्या दारानं आत आला होता, आणि सायकलवाल्याला लिहीत होता. हा उद्याही येणार, परवाही. नवी नावं काही संपत नाहीत. आणि तीही इथंच, याच खुर्चीत.

तिनं बटणावर नेलेलं बोट मागं घेतलं. नेम सगळ्यांसाठी होता. ज्याच्यासाठी नकोसा वाटतो त्याच्यासाठी तर आधी. तिनं त्याचा तो घाणेरडा निरोप पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला, हात जोडले, आणि खातं बंद केलं.